मनगटावरची उसनी पत

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या संघटनेशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरची गुंतवणूक, दहा लाख रोजगार अशी मोठी उद्दिष्टे त्यात नमूद आहेत आणि जाणकारांनी त्यांचा ऊहापोह केलाच आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात मात्र कुतूहल जागे केले ते घड्याळांच्या कलमाने. स्विस घड्याळांवरील वीस टक्के आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने नाहीसे व्हावयाचे आहे. ‘आता फर्स्ट कॉपीवाल्यांची दुकाने बसणार,’ असे एका तरुण सहकाऱ्याने ठामपणे सांगितले, आणि सांगता सांगता स्वतःच्या शर्टाची बाही किंचित खाली ओढली. हे सहकारी ‘घड्याळी तासिका तत्त्वा’वर शिकवतात. ज्याचा मोबदला घड्याळाच्या तासावर मोजला जातो त्याच्याच मनगटावर असे घड्याळ असावे, हा योगायोग आमच्यापैकी कोणीही बोलून दाखवला नाही.

सहकाऱ्याचे अनुमान पाठ्यपुस्तकाला धरून होते. एक वस्तू स्वस्त झाली की तिच्या पर्यायी वस्तूची मागणी घटते, हे आपण अकरावीच्या मुलांना चहा-कॉफीचे उदाहरण देऊन शिकवतो. पण चहा आणि कॉफी यांच्या किमती एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात. येथे एका बाजूला आठ-दहा लाखांचे रोलेक्स आहे आणि दुसऱ्या बाजूला पदपथावर किंवा मोबाइलवरच्या संदेशातून दोन-तीन हजारांत मिळणारी त्याची प्रतिकृती. शुल्क संपूर्ण गेले आणि त्याचा सगळा लाभ विक्रेत्याने इमानाने गिऱ्हाइकाच्या पदरात टाकला असे क्षणभर धरले, तरी मूळ घड्याळ लाख-दीड लाखाने उतरेल. ज्याचा मासिक पगार पंचवीस हजार, त्याला आठ लाख काय आणि साडेसहा लाख काय! पदपथावरच्या गिऱ्हाइकाने नकली घेतले म्हणून जिनीव्हाच्या कंपनीचे एक गिऱ्हाईक बुडाले, असे म्हणणे म्हणजे चाळीतल्या मुलाने पुठ्ठ्याची मोटार केली म्हणून मोटार-कारखान्याचा खप घटला असे म्हणण्यासारखे आहे.

शिवाय घड्याळ म्हणून पाहिले तर सगळा प्रकार विनोदीच आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस काढले, आणि निव्वळ वेळ दाखवण्याच्या कामात यांत्रिक घड्याळाचा पराभव झाला. स्वित्झर्लंडमध्ये यांत्रिक घड्याळाला अचूकतेचे प्रमाणपत्र देतात ते दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक पोटात घालून. साधे क्वार्ट्झ घड्याळ साऱ्या महिन्यात पंधरा सेकंदांहून अधिक सहसा चुकत नाही. म्हणजे स्वस्त नकली रोलेक्समध्ये क्वार्ट्झचे यंत्र असेल तर ते अस्सलापेक्षा बरोबर वेळ दाखवते, आणि पकडले जाते तेही त्याच यंत्रामुळे; कारण त्याचा सेकंदकाटा ठेक्याठेक्याने पुढे जातो, अस्सलाचा सरकत जातो. अलीकडच्या महागड्या नकलांत म्हणून यांत्रिक यंत्रच बसवतात. अचूकता घालवून अस्सलपणा कमावण्याचा हा उद्योग आहे. तेव्हा येथे वेळ विकली जात नाही, नाव विकले जाते, आणि मूळ कंपनीही मुख्यतः नावच विकते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तिचे सार हेच होते: काही वस्तूंची उपयुक्तता त्यांच्या महागपणातच असते, आणि त्या वापरणाऱ्यासाठी नसून पाहणाऱ्यासाठी असतात.

या पाहणाऱ्याकडे अर्थशास्त्राचे लक्ष जायला पुष्कळ वर्षे लागली. जीन ग्रॉसमन आणि कार्ल शपिरो या दोघांनी १९८८ साली नकली मालाच्या व्यापारावर लिहिताना एक उपयुक्त भेद केला. एका प्रकारच्या नकलेत गिऱ्हाईक फसते, दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक समजून-उमजून नक्कल घेते. पहिल्या प्रकाराचा दाहक अनुभव आपल्या शेतकऱ्याइतका कोणाला असणार? २०२० च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यातून हजारो तक्रारी आल्या. पिशवीवरच्या छापावर ज्याने विश्वास ठेवला त्याचा हंगाम गेला. नकली घड्याळाचे तसे नाही. विकणारा ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकतो, घेणारा ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून घेतो. व्यवहार इतका सरळ, की काही विक्रेते सहा महिन्यांची हमीदेखील देतात. फसवायचे असते ते व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याला.

मराठीत यासाठी ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो उभा राहिला, त्याचा शेवट नाना फडणिसांच्या कारकीर्दीत १७७६ साली झाला. पण तोवर त्याच्यामागे सैन्य जमले होते, किल्ले त्याच्या हाती गेले होते. हे त्याच्या एकट्याच्या चातुर्याने झाले नाही. भाऊसाहेब परत आलेले पाहिजे होते असे लोक पुष्कळ होते. तोतयाला बळ मिळते ते पाहणाऱ्याच्या इच्छेतून. घड्याळाच्या बाबतीत ही इच्छा कोणती, याचा शोध घेतल्यावाचून नुसते नकलेला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

कारण खोट्या वस्तू अंगावर घालण्याचे आपल्याला मुळातच वावडे आहे असे नाही. आपल्या घराघरांत बेन्टेक्सच्या बांगड्या आहेत, एक ग्रॅम सोन्याचे मंगळसूत्र आहे, खोट्या मोत्यांच्या नथी आहेत. लोकलने किंवा एस.टी.ने प्रवास करताना खरे मंगळसूत्र घरी ठेवून खोटे घालणाऱ्या स्त्रीला आपण लबाड म्हणत नाही, सावध म्हणतो. पूर्वी लग्नकार्यात शेजारणीच्या पाटल्या मागून आणण्याची रीत होती आणि देणारीलाही त्यात कमीपणा वाटत नसे. मग घड्याळाविषयीच बाही खाली ओढण्याची वेळ का यावी? एक उत्तर असे की बेन्टेक्सच्या बांगडीवर दुसऱ्या कोणाचे नाव कोरलेले नसते. ते कायद्याच्या दृष्टीने योग्य आहे. परंतु घालणाऱ्याच्या मनातले उत्तर निराळे असावे. बेन्टेक्स घालणारी स्त्री ‘हे खोटंच आहे हो’ असे हसत सांगू शकते. तिची पत तिच्या घराण्यात, नात्यागोत्यात, गल्लीत आधीच ठरलेली असते; दागिना ती पत निर्माण करीत नाही. नकली घड्याळावर मात्र जी पत अजून मिळालेली नाही ती उभी करण्याची जबाबदारी टाकलेली असते. म्हणून त्याच्याविषयी हसत सांगता येत नाही.

मनगटावरच्या घड्याळाकडे पत म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नवी नाही. जावयाला घड्याळ, अंगठी आणि सायकल देण्याचा काळ वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल, निदान ऐकला असेल. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला, तरी परदेशी घड्याळाची भूल उतरली नाही. आयातीवर कडक निर्बंध असल्याने ही घड्याळे बोटीवरून, विमानतळावरून, कोकणच्या किनाऱ्यावरून चोरट्या वाटेने येत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम या दृष्टीने वाचनीय आहे. सर्वसाधारण न्यायतत्त्व असे की आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा. पण या कलमान्वये, चोरटा माल समजून जप्त केलेली वस्तू तशी नाही, हे ज्याच्याकडून ती जप्त झाली त्यानेच सिद्ध करायचे. आणि हे असाधारण कलम ज्या वस्तूंसाठी आहे त्यांत सोन्याच्या जोडीला नाव आहे घड्याळांचे! आजही ते तसेच आहे. त्या काळात ‘बोटीवरचा माल’ म्हणून घेतलेले स्विस घड्याळ घरात कौतुकाने दाखवले जाई. वस्तू खरी असे आणि वाट खोटी. आज ‘फर्स्ट कॉपी’च्या बाबतीत वस्तू खोटी असते आणि घालणाऱ्याला कायद्याचे भय नसते, कारण आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा नकली माल बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विक्रीसाठी बाळगणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, वापरणाऱ्याला काही सांगत नाही. फ्रान्स आणि इटली यांनी गिऱ्हाइकालाही दंडाच्या कक्षेत आणले आहे. आपण तसे करावे असे मला वाटत नाही. आपल्याकडे तो दंड कोणाकडून वसूल होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ लिपिक आहेत. सेवानिवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, तीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवलेली. त्यांचे धाकटे बंधू मस्कतला नोकरी करतात. गेल्या दिवाळीत त्यांनी भावासाठी एक चांगले स्विस घड्याळ आणले. अर्थात दहा लाखांचे नव्हे, पण आमच्यासारख्यांच्या दोन पगारांचे. पहिल्याच दिवशी कार्यालयात त्यांचे स्वागत झाले ते असे: ‘वा, भाऊसाहेब! कितीला पडलं? मनीष मार्केट का?’ त्यांनी भावाचे नाव सांगितले. ऐकणारे हसले. एकाने खिशातून हात काढून आपले घड्याळ पुढे केले आणि म्हणाला, ‘आमचाही भाऊ मस्कतलाच असतो, क्रॉफर्ड मार्केटच्या मागे.’ भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र घड्याळाची पावती ते घडी करून पाकिटात ठेवू लागले, आणि महिन्याभराने घड्याळ कपाटात गेले. आज ते पूर्वीचेच जुने घड्याळ लावून येतात.

त्याच सुमारास आमच्या संस्थेच्या एका समारंभास एक बडे कंत्राटदार आले होते. त्यांच्या मनगटावर सोनेरी, घसघशीत घड्याळ होते. ते खरे की खोटे याची मला कल्पना नाही, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ती शंका तेथे कोणाच्याच मनात आली नाही. पार्किंगमध्ये त्यांची मोटार उभी होती.

ग्रॉसमन आणि शपिरो यांच्या विवेचनाला या दोन प्रसंगांनी एक दुरुस्ती सुचते. त्यांचे म्हणणे असे, की नकला वाढल्या म्हणजे अस्सल बाळगणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा भाव उतरतो. हे अस्सलवाल्यांचे नुकसान होय. पण हे नुकसान सर्व अस्सलवाल्यांत सारखे वाटले जात नाही. कंत्राटदाराच्या प्रतिष्ठेला घड्याळाखेरीज मोटार आहे, बंगला आहे, मंचावरची खुर्ची आहे. एक खूण संशयास्पद ठरली तर दुसऱ्या दहा साक्षीला उभ्या राहतात. किंबहुना त्याने नकली घातले तरी ते अस्सलच दिसते. लिपिकाच्या मनगटावर अस्सल आले तरी ते नकली दिसते. त्याच्याजवळ ती एकच खूण असते आणि तिच्यावरचा विश्वास बाजाराने आधीच खर्चून टाकलेला असतो. १२३ व्या कलमातला सिद्धतेचा भार असा मागच्या दाराने आमच्या कार्यालयात आला, आणि तो नेमका ज्याने काहीही खोटे केले नव्हते त्याच्या पाकिटात पावतीच्या रूपाने जाऊन बसला. नकलीने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना मी हल्ली या पावतीची हकीकत सांगतो.

कंपन्यांच्या दुःखाविषयी माझे मन तितकेसे हळवे होत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील नकली मालाचा व्यापार ४६४ अब्ज डॉलरच्या घरात होता, म्हणजे जागतिक व्यापाराच्या सुमारे अडीच टक्के. या मालात औषधे आणि मोटारींचे सुटे भाग येतात तेथे प्रश्न जिवाचा आहे, त्याविषयी दुमत असू नये. परंतु घड्याळांपुरते बोलायचे तर स्विस कारखानदारांचा इतिहासही फारसा सोवळा नाही. १८७० च्या दशकात अमेरिकेतील वॉल्थमच्या घड्याळांशी जुळती नावे कोरून स्वस्त स्विस घड्याळे अमेरिकेत विकली जात. त्याही आधी, १७९५ च्या सुमारास, पॅरिसच्या ब्रेगे या विख्यात घड्याळजीवर आपल्या तबकडीवर डोळ्यांना सहज न दिसणारी गुप्त सही कोरण्याची पाळी आली होती ती नकलांच्या सुळसुळाटामुळेच. आज ग्वांगझोउच्या बाजाराकडे बोट दाखवले जाते. अमेरिकन सरकारच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या २०२१ च्या यादीत मुंबईचे हिरा पन्नाही होते. नाव मोठे झाले की नक्कल होणारच, आणि नक्कल करणारे पुढे मोठे झाले की तेच फिर्यादी होतात.

नकली वस्तू वापरल्याने माणूस मनानेही नकली होतो, असाही एक सिद्धांत आहे. २०१० साली तीन संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना गॉगल दिले, काहींना ते नकली असल्याचे सांगितले (वस्तुतः सगळे अस्सल होते), आणि ज्यांना आपला गॉगल नकली वाटत होता त्यांनी पुढच्या कामात अधिक लबाडी केली असा निष्कर्ष काढला. त्याला फार प्रसिद्धी मिळाली. पुढे त्या तिघांपैकी दोघांची नावे असलेला, प्रामाणिकपणावरचाच एक दुसरा निबंध त्यातील आकडेवारी बनावट आढळल्याने २०२१ साली मागे घ्यावा लागला. त्यामुळे गॉगलचा निष्कर्ष खोटा ठरतो असे नाही. पण त्याच्या आधाराने कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचा उत्साह माझ्यापुरता तरी ओसरला.

कारण चारित्र्याचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. पदव्युत्तर वर्गात व्हेब्लेन चालू असताना त्याने मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवले. ‘सर, हे अडीच हजारांचं आहे. पुण्याला मुलाखतीला जाताना घेतलं.’ जागा एका गृहबांधणी व्यवसायातल्या विक्रेत्याची होती. आधी दोन ठिकाणी त्याला नकार मिळाला होता आणि एका ठिकाणी स्पष्ट सांगण्यात आले होते, की कोटीच्या सदनिका विकणारा माणूस तसा दिसायला हवा. ‘तसं दिसायला पगार लागतो, सर, आणि पगार मिळायला तसं दिसावं लागतं. मग मी काय करायचं?’ वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली श्रमबाजारातील संकेतांचा सिद्धांत मांडला, ज्याचा २००१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा होता. त्यात संकेत उपयोगी ठरण्याची अट अशी आहे, की तो अपात्राला पात्रापेक्षा महाग पडला पाहिजे. पदवीला ही अट निदान कागदोपत्री लागू पडते. घड्याळाला ती कशी लागू पडणार? पात्र गरिबाला अस्सल घड्याळ महाग, अपात्र श्रीमंताला ते स्वस्त. असा उलटा संकेत मागणारा मालक आपल्या दाराशी नकलीचे गिऱ्हाईक स्वतःच तयार करीत असतो.

मी त्याला एवढेच म्हटले, की तू घड्याळ घातलेस म्हणून पुढच्या उमेदवारालाही घालावे लागेल, आणि सगळ्यांनी घातल्यावर कोणाचाच फायदा उरणार नाही. अडीच हजार मात्र प्रत्येकाचे जातील. तो म्हणाला, ‘सर, सगळ्यांनी घातल्यावर न घालणारा एकटा पडेल.’ हे उत्तर बिनतोड होते, आणि मी विषय पुढच्या तासावर ढकलला.

आमच्या घरी वडिलांचे ‘जनता’ घड्याळ आहे, हिंदुस्थान मशीन टूल्सचे. त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. मागे ते दुरुस्तीला नेले तेव्हा घड्याळजीने भिंगातून पाहत विचारले, ‘घरातलंच आहे ना? की विकत घेतलंय?’ मी कारण विचारले. जुनी यंत्रे, नव्याने रंगवलेल्या तबकड्या आणि कुठल्या तरी पेट्या एकत्र करून ‘जुनी जनता’ म्हणून विकण्याचा धंदा जोरात आहे, असे त्याने सांगितले. याच पद्धतीने भडक तबकड्या बसवलेली सायको आणि फाव्र-ल्युबा घड्याळे आपल्याकडून परदेशी जातात. तिकडचे शौकीन त्यांना उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ज्या घड्याळाच्या नावातच जनता होती, आणि जे कधी कोणी प्रतिष्ठेसाठी घातले नव्हते, त्याच्याही नकला आज निघत आहेत, कारण ते आता दुर्मिळ झाले आणि हौशी लोकांना ते हवेसे वाटू लागले. वडिलांच्या घड्याळाची पावती आमच्याजवळ नाही.

तर सहकाऱ्याच्या अनुमानाविषयी. करारातील शेवटचा टप्पा येईल तेव्हा शहरांतील वातानुकूलित दालनांत स्विस घड्याळांचा खप वाढलेला असेल, यात शंका नाही. ती घड्याळे आज जे घेतात तेच आणखी एक घेतील. दालनांच्या काचांमागे नावे जितकी अधिक झळकतील तितकी ती ओळखणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि ज्यांना ती ओळखता येतात पण परवडत नाहीत त्यांचीही. पदपथावरच्या विक्रेत्याला अशी फुकटची जाहिरात यापूर्वी कधी मिळालेली नाही.

त्या विद्यार्थ्याला ती नोकरी मिळाली. परवा भेटला तेव्हा मनगट मोकळे होते. घड्याळाचे काय केलेस म्हणून विचारले, तर म्हणाला, धाकट्या भावाला दिले. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलाखती आहेत.